सगळे ताईच्या नंबरावर

दातांच्या दवाखान्यात ताई खुर्चीत आडवी पडली होती. अर्धा जबडा सुन्न, गालात कापसाचा बोळा, आणि छातीवर ठेवलेला फोन थरथरायला लागला. डॉक्टरीणबाईंनी भुवई वर केली. ताईने बोट उचलून मिनिटभर थांबायची खूण केली आणि फोन कानाला लावला.

"ताई, कोड आला का गं?" पलीकडून बारक्या.

"ऊं."

"सांग की मग. दहा मिनिटांत मरतो तो."

ताईने जिभेने बोळा बाजूला सारला आणि आकडे उच्चारायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसती लाळ आली.

"नीट बोल ना. तोंडात काय कोंबलंयस?"

डॉक्टरीणबाई पक्कड हातात धरून उभ्याच होत्या. शेवटी ताईने फोनचा पडदा त्यांच्यापुढे धरला, आणि त्या भल्या बाईने बारक्याला गॅसच्या नोंदणीचा कोड एकेक आकडा करून वाचून दाखवला. बारक्याने त्यांना "थँक यू हां" म्हटलं आणि ताईला काहीच न म्हणता फोन ठेवला. मग दाढ निघाली.

गालाला रुमाल दाबून घरी चालत येताना ताईला दाढेच्या जागी काही दुखत नव्हतं, पण बाकी सगळीकडे दुखत होतं. नोकरीचा शेवटचा महिना चालू होता. आता बास, असं तिने मनाशी म्हटलं. असं ती याआधीही बऱ्याच वेळा म्हणाली होती, पण तेव्हा तोंडात बोळा नव्हता.

बारक्या हा तिचा धाकटा भाऊ. नाव बारक्या, पण आता पन्नाशीला आलेला, डोक्यावर चंद्र आणि पोट असं की रिक्षात शेजारी बसणाऱ्याला अर्धं बाहेर लटकावं लागावं. लहानपणी काटकुळा होता म्हणून नाव पडलं ते पडलं. तेव्हा आई-वडील दोघंही कामावर जायचे आणि घराला एकच कुलूप, एकच किल्ली. ती सुतळीत ओवून ताईच्या गळ्यात. बारक्याला एक वेगळी किल्ली करून दिली होती, ती त्याने हरवली. दुसरी करून दिली, तीही हरवली. तिसरी मैदानातल्या गटारात पडताना त्याने स्वतः बघितली आणि खाली वाकून हात घालायचाही कंटाळा केला. मग वडील म्हणाले, "ताई आहे ना." तेव्हापासून घरातल्या सगळ्या भानगडींचं उत्तर हेच. ताई आहे ना. शाळा सुटली की मैत्रिणी रेंगाळायच्या, बोरं खायच्या, आणि ताई गळ्यातली किल्ली मुठीत धरून धावत सुटायची, कारण बारक्या दारात पायरीवर बसून रडत असायचा.

पुढे नोकरी लागली तीही किल्ल्यांचीच. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात कापडखाना. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, बाळांची दुपटी. धोबीखान्यातून गाठोडी वाफाळत यायची, ती सोडायची, घड्या घालायच्या, कपाटांत लावायच्या आणि वॉर्डावरून आयाबाई आल्या की मोजून द्यायच्या. तळघराला खिडकी नव्हती. दिवसभर ट्यूबलाइट आणि गरम सुती कापडाचा वास. ताईच्या केसांना, साडीला, अगदी पर्समधल्या चिल्लरीलाही तो वास होता. कमरेला जुडगा. ती चालत आली की आधी जुडगा ऐकू यायचा, मग ती दिसायची.

तिथल्या कामाच्या दोन रीती तिच्या हाडांत मुरल्या होत्या. पहिली अशी की नाव कपाटाला द्यायचं, कापडाला नाही. कापडावर शाईने कितीही गिरवा, भट्टीत उकळलं की शाई गेली. म्हणून चिठ्ठी कपाटावर : बायकांचा वॉर्ड, मुलांचा वॉर्ड, बाळंतिणी, ऑपरेशन. चादरी सगळ्या एकसारख्याच, ज्या कपाटात ती त्या वॉर्डाची. दुसरी रीत म्हणजे, रिकामं झालेलं कपाट उघडं ठेवायचं नाही. फिनेलने पुसायचं, चिठ्ठी फाडायची, कुलूप घालायचं. नाहीतर कुणीतरी मळके बोळे नेऊन कोंबतंच. या दोन रीतींवर ताईचा कापडखाना इतकी वर्षं बिनबोभाट चालला. साहेब आले, साहेब गेले, एकाही चादरीचा घोळ झाला नाही.

घोळ झाला तो घरी, आणि तोही याच दोन रीतींमुळे.

झालं होतं असं की घरात पहिला मोबाइल ताईकडे आला, इस्पितळाने दिलेला. बारक्याला कुठेतरी अर्ज करायचा होता, त्यासाठी मेल उघडायचा होता, मेलला नंबर लागत होता. ताई आहे ना. मग बारक्याचं लग्न झालं, भावजय आली, तिचा मेल. मग वरच्या मजल्यावरचे काका, घड्याळं दुरुस्त करायचे, आता नुसतेच बंद घड्याळांत बसून असतात. त्यांचं पेन्शनचं खातं. मग लग्न होऊन गेलेली धाकटी बहीण. पुढे प्रत्येकाकडे स्वतःचा फोन आला, दोन-दोन आले, पण सगळ्यांचे कोड ताईच्याच नंबरावर येत राहिले. बदलायचं कुणी? चालतंय ना. पासवर्डही ताईनेच करायचे आणि ताईनेच लक्षात ठेवायचे. डोकं फुटायची वेळ आली तेव्हा बहिणीच्या मुलीने, म्हणजे भाचीने, तिच्या फोनवर एक पासवर्ड मॅनेजर टाकून दिला.

"ही तिजोरी समज मावशी," भाची म्हणाली होती. "सगळे पासवर्ड हिच्यात. तू फक्त तिजोरीचा एक लक्षात ठेव."

ताईला ते बेस आवडलं. तिने तिजोरीत फोल्डर केले, जशी कपाटं. एक बारक्याचा, एक भावजयीचा, एक काकांचा, एक बहिणीचा. आणि आतल्या नोंदींना नावं दिली : मेल, गॅस, वीज, विमा. बारक्याच्या फोल्डरमध्ये 'मेल', भावजयीच्या फोल्डरमध्येही 'मेल'. वापरणाऱ्याचं नाव लिहायच्या रकान्यात सगळीकडे स्वतःचा मोबाइल नंबर, कारण कोड तिथेच येणार. ज्याचे त्याचे ग्राहक क्रमांक ज्याच्या त्याच्या कार्डावर होतेच, ते इथे कशाला? नाव कपाटाला, कापडाला नाही.

आता दाढ काढून आल्यावर तिचं जे ठरलं त्याला एक कारण होतं. इस्पितळातली एक जुनी सिस्टर निवृत्त होऊन डोंगरावर राहायला गेली होती. दोन खोल्या, मागे झाडं, आणि फोनला रेंज नाही. बोलायचं झालं तर तिला खालच्या वळणापर्यंत उतरून यावं लागायचं. ती वळणावरून फोन करून म्हणायची, "तू सुटलीस की ये. दोन महिन्यांसाठी ये, नाहीतर कायमची ये. इथे कुणी काही मागत नाही." ताईने गुरुवारच्या बसचं तिकीट काढून ठेवलं होतं. पण रेंज नाही म्हणजे कोड नाही, आणि कोड नाही म्हणजे बारक्याचा गॅस नाही, काकांचं पेन्शन नाही. सगळ्यांच्या किल्ल्या कमरेला बांधून डोंगर चढता येत नव्हता.

आणि नेमका त्याच आठवड्यात जुन्या तिजोरीच्या कंपनीचा मेल आला. आम्ही ही सेवा बंद करत आहोत, आपला डेटा वेळेत दुसरीकडे हलवावा.

ताईने भाचीला फोन लावला.

"मग बरंच झालं की मावशी," भाची म्हणाली. "नव्या मॅनेजरमध्ये नेऊ, आणि नेतानाच वाटणी करू. प्रत्येकाची वेगळी तिजोरी, प्रत्येकाचा स्वतःचा मुख्य पासवर्ड. तू मोकळी. रविवारी येते मी, सगळ्यांना बसवून ठेव. आणि हे बघ, जुन्यातून जी फाइल निघते ना, तिच्यात सगळं उघडं दिसतं. ती कुठे पडू द्यायची नाही. काम झालं की पुसायची."

"बरं."

"तू काही करू नकोस. मी येते."

आता ताईला कुणी 'तू काही करू नकोस' म्हटलं की तिच्या हाताला खाज सुटायची. शुक्रवारी दुपारी, गाठोड्यावर बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तिने स्वतःच केलं. जुन्या तिजोरीतून फाइल काढली. नव्यात चढवली. 'सर्व नोंदी आल्या' असा संदेश दिसला. फाइल पुसली, कचऱ्याच्या डब्यातूनही पुसली. आणि मग जुनी तिजोरी रिकामी पडलेली तिला बघवेना. तिने खातं बंद करायचं बटण दाबलं. नक्की का, म्हणून विचारलं, ती हो म्हणाली. कायमचं का, म्हणून विचारलं, ती त्यालाही हो म्हणाली. घड्या घालून झालेल्या चादरींवर हात फिरवावा तसा तिने फोनवर हात फिरवला आणि डबा उघडून जेवायला बसली.

रविवारी जेवणं उरकल्यावर सगळे बाहेरच्या खोलीतल्या टेबलाभोवती जमले. भाचीने आल्या आल्या लॅपटॉप उघडला. काका खुर्चीत, बारक्या पलंगावर लोळलेला.

"मावशी," भाची थोड्या वेळाने म्हणाली, "फोल्डर कुठायत?"

"असतील की तिथेच."

"नाहीयेत. फाइलमध्ये फोल्डरचा रकानाच आला नाही बहुतेक. सगळा एकच ढीग आहे. मेल, मेल, गॅस, मेल, विमा, वीज, वीज, गॅस. आणि सगळ्यांपुढे तुझा नंबर."

कपाटं जाऊन नुसत्या चादरी खोलीभर पसरलेल्या ताईला दिसायला लागल्या.

"जुनं उघड, त्यात बघून लावू," भाची म्हणाली.

"जुनं नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"बंद केलं. कायमचं."

भाचीने कपाळाला हात लावला. "मावशी, लोक निदान महिनाभर तरी ठेवतात गं."

"रिकामं कपाट मी उघडं ठेवत नाही."

"मग आता माझा मेल काकांना आणि काकांचं पेन्शन मला?" पलंगावरून बारक्या म्हणाला. "चालेल मला."

"तुझा मेल घेऊन मी काय करू?" काका म्हणाले. "त्यात नुसत्या गाद्यांच्या जाहिराती असतात."

ताईने चष्मा पुसला. दमल्यासारखी दिसली, पण घाबरलेली नाही. "पासवर्ड दाखव," ती भाचीला म्हणाली. "ठिपके काढ. मी सांगते कुठली कुणाची."

तिला सांगता येणार होतं, कारण पासवर्ड तिनेच केले होते, आणि प्रत्येकाच्या पासवर्डाची सुरुवात तिने ज्या त्या माणसावरून बांधली होती. पुढे आकडे बदलायचे, चिन्हं बदलायची, पण पहिला शब्द तोच. इतकी वर्षं ते शब्द तिच्याशिवाय कुणी बघितले नव्हते. नवा फोन आला की ताईच एकदा आत शिरून द्यायची, बाकीच्यांना ठिपके दिसायचे.

भाचीने एक नोंद उघडली आणि इंग्रजी अक्षरांतलं मराठी अडखळत वाचलं. "किल्ली... हरवली?"

"बारक्या," ताई म्हणाली.

बारक्या उठून बसला. "म्हणजे माझ्या बँकेलासुद्धा तू हेच लावलंस?"

"बँकेला पुढे 'परत' जोडलंय."

"उद्याबघू," भाचीने पुढची वाचली.

काकांनी स्वतःच हात वर केला. "कळलं कळलं. आमचं इकडे."

"रडूबाई. ही... आई आहे?" भाचीला हसू आवरेना. "आईला सांगू?"

"सांग. रडेल."

खोलीत जरा गंमत सुरू झाली. एकेक चादर उचलावी, उजेडात धरावी आणि बरोब्बर कपाटात टाकावी, तसं चाललं होतं. ढीग उतरत होता. ताईला वाटलं, निभावलं. तेवढ्यात भावजय आतून चहाचा ट्रे घेऊन आली आणि ताईच्या खांद्यामागे उभी राहिली.

"पाहुणी," भाचीने वाचलं. "ही कोण मावशी? पाहुणी कोण?"

भाचीने पुढची उघडली, तीही पाहुणी. विमा, पाहुणी. वाचनालय, पाहुणी. भावजय शाळेच्या वाचनालयात कामाला होती. त्यामुळे त्या शब्दापाशी येऊन भाचीचा आवाज आपोआप खाली गेला.

भावजयीने ट्रे टेबलावर ठेवला. एक कप काकांपुढे सरकवला, एक ताईपुढे.

"माझं का हे?" तिने विचारलं.

"तू नवी आलीस तेव्हा केला होता," ताई म्हणाली. "पहिल्या आठवड्यात."

"तेव्हा होतेच मी पाहुणी. नंतर?"

"नंतर राहून गेलं. चालत होता. चालतंय ते कोण बदलतं."

"मुलगा कॉलेजला गेला माझा, ताई."

बारक्याने तोंड उघडलं. भावजयीने त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्याने तोंड मिटलं. काका कपात फुंकर घालत राहिले.

"तुमचंच ना ते," भावजय म्हणाली, "नाव कपाटाला द्यायचं, कापडाला नाही? मी कुठल्या कपाटात होते ते आज कळलं."

ती चिडून बोलली नाही, आणि तेच ताईला जड गेलं. चिडली असती तर ताईलाही चिडता आलं असतं. तिला आठवलं, खूप वर्षांपूर्वी ही एकदा कापडखान्यात उतरून आली होती, ओली छत्री दाराशी टेकवून. म्हणाली होती, ताई, माझ्या मेलचा पासवर्ड मला देता का. आणि आपण अभ्रे मोजता मोजता मान वर न करता म्हणालो होतो, कशाला, मी आहे ना. ती काही वेळ उभी राहिली होती, मग छत्री उचलून गेली. पुन्हा तिने मागितला नाही.

"चुकलं माझं," ताई म्हणाली. हे दोन शब्द तिच्या तोंडून निघतात हे खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. भाची स्क्रीनकडे बघत बसली.

"चहा निवतोय," भावजय म्हणाली.

वाटणी झाली. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या नव्या तिजोरीत गेलं. भाचीने प्रत्येकाच्या हातात एकेक छापील कागद दिला, त्यावर मुख्य पासवर्ड विसरल्यास लागणारा लांबलचक कोड. "हा स्वतःच्या जागी ठेवायचा. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, मावशीला तर अजिबात नाही. आणि मुख्य पासवर्ड स्वतः ठरवायचा. लांब हवा."

"आणि हा कागद हरवला तर?" बारक्याने विचारलं.

"तर गेलं सगळं."

"मग ताईकडेच दे ना."

"बारक्या," भावजय त्याला नेहमी 'अहो' म्हणायची, पण त्या दिवशी तिने ताईच्या आवाजाची नक्कल केली, "ताई आहे ना."

सगळे हसले. ताईही हसली, जरा उशिरा.

बाकीचे आपापले कागद लपवत होते तेव्हा ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागून कपाटाचे दरवाजे वाजले, खुर्ची ओढली गेली, काका जिना चढून गेले. तिला आवाजावरून कळत होतं कोण काय उघडतंय. चादरींच्या कपाटाची बिजागरी करकरते, त्यात बारक्या. तिने मोठ्याने एक जुनं गाणं गुणगुणायला सुरुवात केली, तर तिला त्याचा एकच चरण येत होता.

"ताई, मी कुठे ठेवला सांगू?"

"नको."

"विसरलो तर?"

"नको सांगूस म्हटलं ना."

मग ती मोरीत जाऊन पाय धूत बसली, म्हणजे पाण्याच्या आवाजात काही ऐकू येणार नाही. बारक्याने ओट्यापाशी येऊन, पाण्याच्या वर आवाज चढवून सांगितलं, "ताई, मुख्य पासवर्ड ठरला बरं का! 'ताईचीदाढकाढली' आणि पुढे आपल्या जुन्या घराचा नंबर. लांब आहे की नाही?"

ताईने नळ बंद केला. "बदल तो."

"का? चांगला आहे."

"मी ऐकला."

"तू ऐकलास तर काय झालं?" बारक्याने विचारलं, आणि त्याला खरोखरच कळत नव्हतं. पन्नाशीचा माणूस, पायरीवर बसलेल्या पोरासारखा बघत होता. ताईला क्षणभर त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला आणि दुसऱ्या क्षणी ओला हात त्याच्या पाठीत घालावासा वाटला. दोन्हीतलं काहीच तिने केलं नाही. तिचे पाय दुखत होते.

"बदल," ती म्हणाली.

रात्री जेवताना तो म्हणाला, "बदलला. आता आधी घराचा नंबर, मग दाढ."

भावजयीने घास खाली ठेवला आणि हसता हसता तिला ठसका लागला.

तिने मात्र दुपारीच आपला फोन घेऊन आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं होतं. बराच वेळ आत होती. बाहेर आली ती केस नीट बांधून. नंतर दोघी ओट्याशी भांडी आवरत होत्या. भावजय धूत होती, ताई पुसत होती. ताईच्या तोंडून आपोआपच निघून गेलं, "काय ठेवलास गं?"

विचारल्यावर तिची तिलाच लाज वाटली. हातातला पेला ती पुसतच राहिली.

"नाही सांगणार," भावजय म्हणाली. आणि दोन पेले धुऊन झाल्यावर, "विसरले तर माझं मी बघेन."

"हं," ताई म्हणाली.

तिला बरं वाटलं का वाईट, हे तिला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं. एवढ्या घरात एक पासवर्ड असा होता की जो तिला ठाऊक नव्हता. दात गेलेल्या जागी जीभ जावी तसं तिचं मन सारखं तिथे जात होतं. पण तिथे आता दुखत नव्हतं.

पुढचे तीन दिवस नंबर बदलण्यात गेले. प्रत्येक खात्यातून ताईचा नंबर काढायचा, त्याचा कोड आधी ताईलाच यायचा. ती कापडखान्यातून वाचून दाखवायची, नव्या बाईला कपाटं समजावता समजावता. बुधवारी तिने जुडगा कमरेचा सोडून त्या नव्या बाईच्या हातात दिला. नवी बाई म्हणाली, "केवढा जड आहे हो." ताई म्हणाली, "हातात नको धरूस, कमरेला लाव. सवय होते." चार पावलं गेल्यावर वाटलं, मागून कुणीतरी चालत यायचं थांबलंय.

गुरुवारी भावजय तिला बसपर्यंत सोडायला आली. पिशवी वर टाकून दिली, खिडकीशी उभी राहिली.

"पोचलात की वळणावर येऊन फोन करा."

"कशाला? तुला काय लागणारेय?"

"काही नाही. नुसता करा."

बस सुटली. सपाटीवर ताईला डुलकी लागली. जाग आली तेव्हा गाडी घाटाला लागली होती आणि फोनवर संदेश येऊन पडला होता : आपला क्रमांक आता या खात्याशी जोडलेला नाही. कुठलं खातं, कुणाचं, काही लिहिलेलं नव्हतं. तिने सवयीने ओळखायचा प्रयत्न केला. मग दुसरा संदेश आला, हुबेहूब तसाच. मग तिसरा. तिने ओळखायचं सोडून दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. रस्त्याकडेला एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. ताईने तिच्या घड्यांकडेही बघितलं नाही.

फोन वाजला. बारक्या.

"ताई, तो माझा मुख्य पासवर्ड गं. आत्ताच उघडायला गेलो, घेतच नाहीये. आधी घराचा नंबर होता ना? आणि मग दाढ काढली, का दाढ काढलीस?"

फोनच्या कोपऱ्यातल्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. आवाज इतका स्वच्छ की मागे नळ गळतोय तोसुद्धा ऐकू येत होता. ताईला पासवर्ड आठवत होता. अक्षर न् अक्षर, आकडा न् आकडा, जिभेच्या शेंड्यावर.

"हॅलो?" ती म्हणाली. "हॅलो, बारक्या? आवाज येत नाही रे."

"ताई, दाढ काढली का काढलीस?"

"काहीच ऐकू येत नाहीये. घाट लागला."

"गेली वाटतं रेंज," बारक्या दुसऱ्या कुणाला तरी म्हणाला. "आता काय करायचं?"

"तो कागद कुठे ठेवलात?" भावजयीचा आवाज, लांबून, आतल्या खोलीतून.

"ठेवलाय कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे? उठा. आधी चादरी काढा सगळ्या खाली."

बिजागरी करकरली. ताई ते ऐकत राहिली, कपाट पुरतं उघडेपर्यंत. मग तिने फोन बंद करून पिशवीत तळाशी टाकला.